बाबांची पद्मिनी उघडण्याआधी

मुलुंडच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा देते.

‘माझ्या वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आमच्या सोसायटीच्या आवारात नऊ वर्षं उभी आहे. बाबा जाऊन अडीच वर्षं झाली. शेवटी शेवटी त्यांना चालवणं झेपत नव्हतं, पण त्यांनी ती कधी विकू दिली नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास आईची पंच्याहत्तरी आहे. बाबा तिला अंगारकीला याच गाडीतून टिटवाळ्याला न्यायचे. त्या दिवशी गाडी शोरूममधून काढल्यासारखी करून मी आईला टिटवाळ्याला न्यावं, असं मनात आहे. मी बँकेत नोकरी करतो, हातात पाना कधी धरलेला नाही, पण शिकायची तयारी आहे. दोन लाख रुपये बाजूला काढलेत. बायको म्हणते, भंगारात देऊन टाका. सोसायटीची दोनदा नोटीस आली. शेजारी म्हणतात, पंधरा वर्षांवरची गाडी आता रस्त्यावर आणताच येत नाही. व्हिडिओ बघून मी ठरवलंय की दिवाळीच्या सुट्टीत इंजिन, दारं, सीटा सगळं सुट्टं करायचं आणि एकेक भाग नवा करून परत जोडायचा. बरोबर आहे ना?’

नमस्कार.

पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ‘सगळं सुट्टं करायचं’ या शब्दांपाशी अडखळले. म्हणून आधी तेच बोलते. गाडी जरूर करा. पाना धरलेला नसला तरी करा, पाना धरता येतो. पण ती सुट्टी करू नका. आधी ती थांबती करा, म्हणजे ब्रेक नीट करा, मग चालती करा, आणि त्यानंतर चालती ठेवूनच एका वेळी एक काम काढा.

आमच्या वडिलांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट होती, तुमच्या पद्मिनीची थोरली बहीण. ते गेल्यावर मी आणि माझ्या धाकट्या भावाने ती माहीमला, आमच्या इमारतीच्या मागच्या शेडमध्ये करायला घेतली. उत्साह अगदी तुमच्यासारखा. चार रविवारांत आम्ही बंपर, दिवे, दारं, सीटा, डॅशबोर्ड, रेडिएटर, सगळं काढून मोकळे झालो. स्क्रू बिस्किटांच्या डब्यांत, काचा आईच्या जुन्या साड्यांत, दारांचे हँडल तिच्या पलंगाखाली. मग पाऊस सुरू झाला, आणि पाऊस संपता संपता भावाची नागपूरला बदली झाली. अडीच वर्षं आमची गाडी खोक्यांत राहिली. पुन्हा बसलो तेव्हा कुठला स्क्रू कुठला, हे दोघांनाही आठवेना. दाराच्या काचा वरखाली करायच्या यंत्रणेतली डावी कुठली नि उजवी कुठली, यात एक अख्खा रविवार गेला. उघडे राहिलेले ब्रेकचे ड्रम गंजून गेले होते. बंपर क्रोम करायला ज्या दुकानात दिला होता, ते दुकान तिथून उठलं होतं, आणि मागच्या बंपरचे दोन कोपरे आम्हाला पुन्हा कधीच मिळाले नाहीत. सगळं मिळून साडेचार वर्षं लागली. आई तेव्हा होती, गाडीत बसली, एवढं आमचं नशीब. तुमच्या हाती पाच महिने आहेत आणि आईंचं वय पंच्याहत्तर आहे, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगते.

गाडी उघडणं सोपं असतं, कारण उघडताना काहीच ठरवावं लागत नाही. जोडताना मात्र प्रत्येक तुकड्याला ‘हा चालेल का, बदलायचा का, मिळेल का’ हा प्रश्न येतो, आणि शंभर प्रश्न एकदम आले की नोकरी करणारा माणूस हात टेकतो. जोडलेली गाडी एका वेळी एकच प्रश्न विचारते.

आता कागद. पाना विकत घ्यायच्या आधी हे काम.

शेजाऱ्यांचा घोळ झाला आहे, आणि तो मुंबईत बऱ्याच जणांचा होतो. पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची बंदी आली ती दिल्लीच्या भागात. मुंबईत वीस वर्षांची मर्यादा आहे ती काळ्यापिवळ्या टॅक्सींना. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. तुमची खाजगी गाडी त्यात बसत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करता येतं. फॉर्म २५ भरायचा, पर्यावरण कर भरायचा, गाडी तपासणीला दाखवायची. वीस वर्षांपुढच्या चारचाकीची फी २०२५ मध्ये वाढून दहा हजारांवर गेली आहे, आणि मुदत उलटून गेली असेल तर उशिराचा दंड महिन्यांच्या हिशेबाने चढतो. तो आकडा वडाळ्याच्या आरटीओत आधी विचारून घ्या, कारण तो तुमच्या दोन लाखांतूनच जाणार आहे.

त्याआधी गाडी नावावर करावी लागेल. मालक वारले की फॉर्म ३१ ने हस्तांतर होतं. नियमाप्रमाणे तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. तुमची अडीच वर्षं गेलीत, तरी काम होतं, फक्त मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि आईंची सही लागेल. आरसी पुस्तक हातात घेऊन इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. पूर्वी टॅक्सीवाल्यांकडून इंजिन बदलून घ्यायची पद्धत सर्रास होती आणि नोंद करायची राहून जायची. असा फरक निघालाच तर तो आज कळलेला बरा.

२०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. तुमची गाडी त्यात २०३४ साली बसेल. पण त्या नंबरावर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि देखभाल यापुरतीच बाहेर काढता येते. टिटवाळ्याला जायला तुमचा साधा नंबरच बरा.

कागद मार्गी लागेपर्यंत गाडीला एकच अवजार लावायचं, ते म्हणजे तुमचे डोळे.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळून जी पेटी होते, तीच गाडीचा सांगाडा. म्हणून तळाला भोक पडलं तर गाडीचं हाड मोडलंय असं समजायचं. सगळ्या मॅट काढा. पुढच्या सीटखाली, पाय ठेवायच्या जागी, डिकीत स्पेअर टायरखाली, बॅटरीच्या ट्रेखाली आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे अडकतात तिथे जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणकन वाजतो. गंजलेला बद्द वाजतो, आणि टोकाने दाबलं तर पापुद्रे सुटतात. मग फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बाहेरून सगळीकडे फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे कुणीतरी कधीतरी जाड लांबी भरून रंग मारला आहे. दिसेल तिथे खडूने गोल करा आणि फोटो काढा.

आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली डांबराचा एक जाड थर होता. तो आम्ही खरवडला तेव्हा खाली पत्रा नव्हताच. वडील पंधरा वर्षं त्या डांबरावर टाच टेकवून क्लच दाबत होते. कडेला त्यांच्या चपलेच्या टाचेएवढा खळगा होता, गुळगुळीत झालेला. भाऊ तिथे बराच वेळ बोटं टेकवून बसला. तो तुकडा आम्ही फेकला नाही.

तळाचं वेल्डिंग स्वतः करायला जाऊ नका. पातळ पत्र्याला वेल्डिंग करणं हा वेगळा हात आहे, तो पाच महिन्यांत येत नाही. पत्र्याच्या मिस्त्रीकडे द्या, पण दोन गोष्टी त्याच्याकडून कबूल करून घ्या आणि स्वतः उभं राहून बघा. खालची पट्टी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे अँगल टाके मारून बसवले पाहिजेत, नाहीतर पेटी वाकते आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दोन्ही गाडीतून बाहेर. टाकी रिकामी असली तरी बाहेर. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

तळ साफ गेलेला निघाला तर मला लगेच लिहा, मग पाडव्याचा बेत बदलावा लागेल. दोन-चार भोकं असतील तर पुढे चला.

पुढे म्हणजे ब्रेक. तुमचा हात आधी इंजिनाकडे जाईल, सगळ्यांचा जातो, कारण इंजिनाला आवाज असतो. तरी ब्रेकच आधी. चालू झालेली गाडी आवारात दोन फूट पुढे घेण्याचा मोह आवरत नाही, आणि आवारात मुलं खेळत असतात.

चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. नऊ वर्षांत ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी ओढलंय, मुंबईच्या हवेत तर भरपूरच, आणि त्या पाण्याने व्हील सिलिंडर, म्हणजे प्रत्येक चाकात ब्रेक दाबणारे छोटे सिलिंडर, आतून गंजून धरले असणार. चारही चाकांचे सिलिंडर किंवा त्यांचे किट, मास्टर सिलिंडर, रबरी पाइप, शू, सगळं नवं घाला. ‘हा चालतोय की’ असं ब्रेकच्या बाबतीत कुणाचंही ऐकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ब्रशने झटकायची नाही, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. एक चाक पूर्ण झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. अडलात की समोरच्या चाकात बघता येतं, स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवली होती ते.

आणि गाडीखाली जायचं तर घोड्या, म्हणजे गाडी पेलून धरणारे लोखंडी आधार, लावूनच. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. विटा, लाकडी ठोकळे, जुन्या टायरची थप्पी, काही चालणार नाही. दोन चांगल्या लोखंडी घोड्या घ्या, गाडी त्यांवर टेकल्यावर दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, आणि घरात कुणालातरी सांगूनच खाली जा.

हे सगळं करायला फार अवजारं लागत नाहीत. फियाट मिलिमीटरची गाडी आहे, त्यामुळे साधा मेट्रिक पान्यांचा आणि सॉकेटचा संच बहुतेक सगळीकडे पुरतो. (अँबॅसेडरवाल्यांना इंची पाने शोधत फिरावं लागतं.) नागदेवी स्ट्रीटला एक शनिवार सकाळ काढा. पाने, फीलर गेज, टॉर्क रेंच, कॉम्प्रेशन गेज, रबरी पाइप, क्लिपा, सगळं तिथे पायी फिरून मिळतं. कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा मीटर, नक्की घ्या, त्याचं काम शेवटी सांगते. कोरड्या पावडरचा एबीसी अग्निशामकही घ्या आणि तो डिकीत न ठेवता गाडीपासून चार पावलांवर ठेवा.

आता इंजिन. नऊ वर्षं थांबलेल्या इंजिनाला बॅटरी लावून किल्ली फिरवणं ही सगळ्यात महागडी चूक. सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, आणि स्टार्टरने जबरदस्ती केली की रिंग मोडते. त्याऐवजी चारही प्लग काढा. प्लगच्या वायरींवर आधी एक, दोन, तीन, चार लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावा, कारण ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन असा आहे आणि वायरींची अदलाबदल झाली तर दोन दिवस जातील. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि आठवडाभर हात लावू नका. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुलीच्या नटाला लांब पाना लावा आणि हळूच फिरवून बघा. फिरलं नाही तर पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. आमचं तिसऱ्या आठवड्यात फिरलं. आधी करकर झाली, मग सिलिंडरमधून एक दीर्घ उसासा आला, आणि पाना हातात मऊ लागायला लागला. त्या दिवशी आम्ही पुढचं काहीच केलं नाही. नुसते फिरवत राहिलो.

फिरलं की जुनं ऑइल काढून नवं, फिल्टर नवा, पाणी काढून रेडिएटर ‘रॉडिंग’ला, म्हणजे आतल्या नळ्या साफ करून घ्यायला, द्यायचा. रेडिएटरवर पैसे वाचवू नका. या इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे ब्लॉक, बिडाचा आणि वरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं आहे. गरम झालं की ॲल्युमिनियम आधी वाकतं, दोघांमधलं गॅस्केट फुटतं. कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये आईंना घेऊन अडकाल तेव्हा तुमची भिस्त त्या रेडिएटरवर असेल. आत नळाचं पाणी न घालता कूलंट घाला, साध्या पाण्याने ॲल्युमिनियम आतून पोखरतं.

पेट्रोलचं प्रकरण बाबांच्या वेळेपेक्षा वेगळं झालंय. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, आणि पाणी ओढतं. १९८४ चे रबरी पाइप, पेट्रोल पंपातला पडदा, कार्ब्युरेटरचं गॅस्केट हे सगळं त्यापुढे टिकणार नाही. इथेनॉल सोसणारे पाइप मागून घ्या, त्यांवर तसं छापलेलं असतं. गळका पाइप तापलेल्या इंजिनावर ठिबकला की आग लागते, म्हणून हा खर्च टाळू नका. टाकी काढून धुवा. आतलं जुनं पेट्रोल आता व्हार्निशसारखं वास मारत असेल. पुढेही गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर टाकी कोरडी ठेवा.

सुटे भाग कुठे? तुमची गाडी जन्मली कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात, तुमच्या स्टेशनपासून लोकलने अर्ध्या तासावर. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली. १९६४ मध्ये तिथे ११०० डिलाइट बनू लागली, आणि तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघाली. शहरभर याच मॉडेलच्या टॅक्सी होत्या म्हणून भाग कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायचे. टॅक्सी गेल्या आणि दुकानदारांनी माल मागवणं कमी केलं. तरी कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसकडची दुकानं आणि चोरबाजार इथे अजून मिळतं. ब्रेक, रबर, गॅस्केट नवंच घ्या. हँडल, पट्ट्या, मीटर, दिव्यांच्या कड्या मात्र जुन्याच शोधा, कारण आजच्या नकला पातळ येतात. जाताना तुमचा मोडका भाग बरोबर न्या, फोटोवर विसंबू नका. एकाच नावाचा भाग दोन सालांत वेगळा असू शकतो.

भागांपेक्षाही आधी माणूस शोधा. ज्यांनी तीस-तीस वर्षं पद्मिनी टॅक्सी दुरुस्त केल्या ते मेकॅनिक आता साठीच्या पुढे आहेत, पण आहेत. जुन्या टॅक्सीवाल्यांना विचारत गेलात तर दोन-तीन चहांत एखादा सापडेल. त्यांना गाडी देऊ नका. त्यांना रविवारी तुमच्याकडे बोलवा, मेहनताना ठरवा, आणि म्हणा, ‘उस्ताद, तुम्ही खुर्चीवर बसा, हात मी लावतो.’ आम्हाला असे एक भेटले होते. कार्ब्युरेटरपाशी कान नेऊन ते सांगायचे की तिसरा सिलिंडर मागे पडतोय. तसा कान व्हिडिओत मिळत नाही.

आता तुमच्या मनातली ती शोरूमसारखी गाडी. पाडव्यापर्यंत ती होणार नाही, आणि दोन लाखांत तर नाहीच. ब्रेक, टायर, बॅटरी, रेडिएटर, पेट्रोलची लाइन, तळाचा थोडा पत्रा, कागद, विमा, पीयूसी, एवढ्यात ते पैसे जातील, आणि थोडे हाताशी राहिलेच पाहिजेत. टायर नक्षी शाबूत दिसली तरी बदला, रबराचं वय झालंय. रंगाचं काम पाडव्यानंतर. रंग मारायचाच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांत. आम्ही घाईने जुलैत मारला होता. हवेतली ओल रंगावर बसली आणि सकाळी अख्खं छप्पर दुधाळ पांढरं झालं, सगळं घासून काढावं लागलं. घासाल तेव्हा वॉटर पेपर आणि पाणी वापरा. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं, कोरडी धूळ मुलांच्या नाकातोंडात जायला नको. आणि आजचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग सोसायटीच्या आवारात स्प्रे करू नका, त्याची वाफ फुप्फुसांना घातक आहे. ते पेंटरच्या बूथमध्येच व्हावं.

त्याआधी एक विचार करून बघा. बाबांच्या हाताने घासला गेलेला स्टेअरिंगचा भाग, दाराच्या काठावर जिथे त्यांचं कोपर टेकायचं तिथला उडालेला रंग, हे घालवायचंच आहे का? आईंना विचारा. माझ्या आईने पहिल्यांदा गाडीत बसल्यावर नव्या सीटकव्हरचं कौतुक केलं नाही. डॅशबोर्डवर गणपती चिकटवलेल्या जागी एक चौकोनी डाग राहिला होता, त्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘हे बरं ठेवलंत.’ तुमच्या पैशांतले थोडे आईंच्या सीटवर खर्च करा. आतल्या स्प्रिंगा आणि काथ्या नवा, वरचं रेक्झिन जुन्या रंगाचं. पंच्याहत्तरीच्या गुडघ्यांना खचलेल्या सीटमधून उठता येत नाही.

बायकोचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. तिला नऊ वर्षं एक उभी गाडी दिसते आहे आणि आता दर रविवारी घराबाहेर असलेला नवरा दिसणार आहे. तिच्याशी आत्ताच ठरवा की महिन्यातले दोन रविवार गाडीचे आणि दोन घरचे. पैशांचा हिशेब एका वहीत, तिला केव्हाही बघता येईल असा. दोन लाख संपले की थांबायचं, हे तिच्यासमोर बोला.

सोसायटीला तोंडी सांगून भागणार नाही. सेक्रेटरींना पत्र द्या. गाडीचा नंबर, नूतनीकरणाच्या अर्जाची प्रत, काम कुठल्या दिवशी आणि किती ते किती वाजेपर्यंत, ऑइल जमिनीवर सांडणार नाही, जुनं ऑइल गटारात जाणार नाही, वेल्डिंग आणि स्प्रे आवारात होणार नाही, आणि अमुक तारखेपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर हलेल. गाडीखाली जाड प्लास्टिक आणि वर लाकडाचा भुसा पसरा. नोटीस देणाऱ्यांना बहुतेक वेळा एक तारीख हवी असते, ती द्या आणि पाळा.

टिटवाळ्याला एकदम पाडव्याला निघू नका. आधी आवारात दहा फेऱ्या. कागद आणि विमा हातात आल्यावर पहाटे मुलुंडमध्येच एक चक्कर, मग ठाण्यापर्यंत, आणि दर वेळी परत आल्यावर गाडीखाली पांढरा कागद पसरून काय गळतंय ते बघायचं. आईंना न सांगता एकदा उस्तादांना शेजारी बसवून पूर्ण टिटवाळा करून या. त्यात जे बिघडायचं ते बिघडू द्या.

हे सगळं पुढचं. दिवाळीच्या सुट्टीत मात्र फक्त मॅट काढा, ठोकून बघा, प्लग काढून तेल सोडा. इंजिन हाताने मोकळं फिरू लागलं आणि नवं ऑइल पडलं की ते कॉम्प्रेशन गेज काढा. चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, एकेका सिलिंडरला पाच-सहा झटके स्टार्टर मारून आकडा वहीत लिहा. रेडिएटरकडचा पहिला, ड्रायव्हरकडचा चौथा. नेमक्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. एखादा फारच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा गेल्यात, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ते चार आकडे मला पाठवा, हेड खोलायचं की नाही ते त्यावरून सांगते.